पाण्यालाही विचारा

जगात माणसांच्या फक्त चार जाती आहेत असं मनापासून मानणारा आणि उभं आयुष्य त्याप्रमाणे वागलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या अक्काचे चुलत सासरे. ए, बी, एबी आणि ओ. या चारांना पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अशा दोन पोटजाती. बाकी ज्या काही जाती आमच्या पूर्वजांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे बेंगळुरात येताना बरोबर बांधून आणल्या होत्या, त्या त्यांच्या कधी लक्षातच राहिल्या नाहीत. एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. अख्खं बसवनगुडी त्यांना अण्णा म्हणत असे, पण अण्णा कुणाला नावानं ओळखत नसत. 'परवा गांधी बाजारात तो ए निगेटिव्ह भेटला होता, त्याच्या धाकट्या बी पॉझिटिव्हचं लग्न ठरलंय' अशी बातमी ते आणायचे आणि मग घरातली चार माणसं बसून हे नक्की कुणाचं लग्न त्याचा शोध लावायची. मी त्यांना सदतीस वर्षं ओळखत होतो. त्यांतली पहिली पाच-सहा वर्षं तरी मी त्यांच्या लेखी नुसता 'सुनेचा भाऊ, बी' होतो.

त्यांच्या मोबाइलमध्ये माणसांचे नंबर गटावर टाकलेले असत. 'ओ निगेटिव्ह तिसरा' म्हणजे दूधवाला. या दूधवाल्याचा थाट जावयासारखा होता. दूध कितीही पातळ असो, त्याला पायरीवर बसवून आधी कॉफी मिळायची आणि मग घरच्यांना. का, तर ओ निगेटिव्हचं रक्त अडीनडीला कुणालाही चालतं, पण त्याला स्वतःला मात्र दुसऱ्या ओ निगेटिव्हचंच लागतं. त्यानं एकदा हेल्मेट न घालता स्कूटर चालवली तेव्हा अण्णांनी त्याला भर रस्त्यात अडवून सुनावलं होतं, "तू तुझा एकट्याचा नव्हेस. पडायचं असेल तर आधी मला विचार." दूधवाल्याला त्यातलं अर्धंच कळलं, पण दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीतून सायकल ढकलतसुद्धा हेल्मेट घालून यायला लागला.

नमस्कार-चमत्कार त्यांना ठाऊक नव्हते. समोर माणूस आला की त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत लाली किती आहे ते ते आधी पाहायचे आणि मगच 'कसा आहेस' विचारायचे, कारण उत्तर त्यांना मिळालेलंच असायचं. हळदीकुंकवाला त्यांच्या घरी जायला बायका बिचकत त्या याच कारणानं. पापणी फिकट निघाली की त्या बाईच्या ओटीत हळदीकुंकवाबरोबर गूळ-शेंगदाण्याचा पुडा पडायचा, वर चार जणींसमोर 'पुढच्या महिन्यात पुन्हा दाखव' अशी आज्ञा. बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरली की अण्णा पोतंभर शेंगा घ्यायचे आणि वर्षभर त्या फिकट पापण्यांच्या मागे लागायचे.

पंगतीत त्यांच्याशेजारी बसायला कुणी तयार नसे. एका मुंजीत वाढप्यानं साराचं भांडं जरा वेळ बाजूला ठेवलं होतं. झालं. अण्णांनी ते माझ्यासमोर ओढलं आणि म्हणाले, हे बघ, नळीतलं रक्त फिरवून ठेवलं की असंच दिसतं. तळाशी जड ते बसतं, त्या तांबड्या पेशी, त्यांचं काम प्राणवायू वाहून न्यायचं. वर पिवळसर पाणी, ते निम्म्याहून जास्त. आणि दोघांच्या मध्ये एक पांढुरका थर, नखाएवढा पातळ. त्यात आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स. "सगळी मारामारी आणि सगळी दुरुस्ती त्या नखाएवढ्या थरात," असं म्हणून त्यांनी तेच सार शांतपणे भातावर ओतून घेतलं. मी ताक-भातावर उठलो. डेंग्यूच्या दिवसांत तर जो तो त्यांना फोन करून प्लेटलेट्सची चौकशी करायचा, आणि पपईच्या पानांचा रस पाजला असं कुणी सांगितलं की अण्णा आधी त्या पपईच्या झाडाची खुशाली विचारायचे.

माझ्या अक्काचं लग्न ठरलं तो प्रसंग तर अजून सांगतात. याद्या झाल्या, पत्रिका जुळल्या, गुरुजींनी छत्तीसपैकी एकोणतीस गुण सांगितले. तेवढ्यात कोपऱ्यातून वराच्या या काकांनी विचारलं की मुलीचा गट कुठला. अक्का ए निगेटिव्ह निघाली, आमचे होणारे भावोजी ओ पॉझिटिव्ह. अण्णांनी भर बैठकीत जाहीर केलं की पहिल्या मुलाला काही होणार नाही, पण त्या वेळी आईला एक इंजेक्शन वेळेवर दिलं नाही तर दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. अजून साखरपुडा व्हायचा होता. गुरुजींनी पंचांग मिटलं, माझी आई पदर तोंडाला लावून आत गेली आणि अशुभ बोलणारा हा माणूस कोण म्हणून आमचे वडील महिनाभर धुमसत होते. पण अक्काचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा इस्पितळाच्या दारात बर्फाच्या डब्यात ते इंजेक्शन घेऊन सकाळपासून उभा होता तो हाच माणूस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आमच्याकडे आहे, तर हे म्हणाले, असू दे, माझ्याकडेही आहे. अक्काची दोन्ही मुलं आज चांगली धडधाकट आहेत. मी पुढं जे केलं ते हे सगळं माहीत असताना केलं, म्हणून आधी सांगितलं.

अण्णांचा खरा धर्म एकच होता: दोन्हीकडून विचारायचं. रक्ताचा गट पाहायचा तर ती एक परीक्षा नाही, दोन आहेत. ए गटाच्या पेशींवर ए ची खूण असते आणि त्याच्या पाण्यात बी चा वैरी असतो. बी चं उलट. एबी च्या पेशींवर दोन्ही खुणा, म्हणून पाण्यात वैर कुणाशीच नाही. ओ च्या पेशी कोऱ्या, पण पाण्यात वैरी दोघांचेही. तेव्हा आधी पेशींना विचारायचं तू कोण, मग पाण्याला विचारायचं तुझं वैर कुणाशी, आणि दोघांच्या साक्षी जुळल्या तरच चिठ्ठीवर अक्षर उमटवायचं. "पेशींना विचारलंस, बरं केलंस. पाण्यालाही विचारलंस काय?" हे वाक्य त्यांनी रक्तपेढीत उमेदवारांच्या कित्येक पिढ्यांना ऐकवलं आणि निवृत्तीनंतर आम्हाला. मी जेवून आलोय असं सांगितलं तर ते माझ्या बायकोला फोन करून खात्री करायचे. रिक्षावाला म्हणाला रस्ता बंद आहे, तर ते उतरून पोलिसाला विचारून यायचे. नातवंडं भांडली की एकाला देवघरात, दुसऱ्याला माडीवर बसवून वेगवेगळी जबानी घ्यायचे, आणि तोपर्यंत भांडण विसरून दोघंही खेळायला पळालेली असायची. चौतीस वर्षांत आपल्या हातून एक नळी इकडची तिकडे झाली नाही, एवढी एकच फुशारकी ते मारत. ती मात्र पाहुणा दारातून आत यायच्या आधी मारत.

आमच्या समाजाच्या मंडळात दर वर्धापनदिनी रक्तदान शिबिर होतं. मी सरकारी खात्यात टिपणं लिहिण्यात हयात घालवलेला माणूस, त्यामुळे मंडळाचं सचिवपद आपसूक माझ्या गळ्यात पडलं. रक्ताच्या पिशव्या रक्तपेढीची माणसं घेऊन जायची आणि तिथं सगळं नव्यानं तपासायची. पण हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर अण्णा आपलं हातानं फिरवायचं जुनं यंत्र घेऊन बसायचे, रक्त देणाऱ्या प्रत्येकाची एक छोटी नळी तपासायचे आणि मंडळातर्फे ज्याला त्याला गटाचं कार्ड लिहून द्यायचे. ही कार्डं जेवणाआधी माइकवरून वाचायची प्रथा त्यांनीच पाडली होती. नुसती वाचून भागत नसे. घराणंच्या घराणं व्यासपीठावर उभं करून ते सांगायचे की बाबांनी काय दिलं, आईनं काय दिलं. ए, बी किंवा कोरं, असा एकेक दाणा दोघांकडून येतो. दोन्ही कोरे आले तर मूल ओ. एबी बापाकडे कोरा दाणाच नाही, तो देणार कुठून? मग ते समोर सतरंजीवर बसलेल्या पोरांना विचारायचे, "बाप एबी. मूल ओ होईल काय?" आणि पोरं पाढे म्हटल्यासारखी ओरडायची, "नाही". फार क्वचित अपवाद असतात असं ते पुढं पुटपुटायचे, पण तोवर पोरांचं लक्ष जिलेबीकडे गेलेलं असे. दहा-बारा वर्षांत आमच्या समाजातल्या शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत सगळ्यांना हा नियम पाठ झाला होता.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या अध्यक्षांचं चिकपेटेत कापडाचं ठोक दुकान. गट एबी पॉझिटिव्ह, आणि सगळ्यांचं चालतं म्हणून ते तो मिरवायचेही. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला नुकतंच अठरावं संपलं होतं, त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा रक्त दिलं. अध्यक्ष स्वतः, त्यांची बायको आणि मुलगा, तिघंही रांगेत उभे होते. मंडळात कौतुकाला उधाण आलं होतं. पानं मांडून झाली, अण्णांनी माइक हातात घेतला आणि ते काही वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "नळ्या मिसळल्या. माझ्याच हातून. यंदा कार्डं नाहीत." आणि टेबलापाशी जाऊन त्यांनी तीसच्या तीस नळ्या जंतुनाशकाच्या बादलीत टाकल्या.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. अध्यक्ष भयंकर चिडले. मुलाचं पहिलं कार्ड चौकटीत लावायचं म्हणून त्यांनी चौकटसुद्धा आणून ठेवली होती. हा माणूस आता थकलाय, उद्या कुणाला भलतंच कार्ड देऊन जीव घेईल, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. अण्णांनी मान डोलावली, एवढंच. पुढच्या रविवारी कार्यकारिणी बसली. आम्ही पाच जण होतो. अण्णांना बोलवावं असं कुणाला सुचलं नाही, आणि मला सुचलं ते मी बोललो नाही. पत्र मीच लिहिलं. 'आपले वय व प्रकृती लक्षात घेता आपणांस यापुढे शिबिराच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.' कारकुनी भाषेत माणसाला कसं हाकलायचं ते मला चांगलं येतं.

तीन दिवसांनी ते पत्र घेऊन अण्णा बसनं बनशंकरीला आमच्या घरी आले. पायऱ्या चढून दमले होते. पत्र उघडून माझ्यापुढे धरून म्हणाले, "अक्षर तुझंच काय?"

मी हो म्हटलं.

"सरी, ठीक. छान लिहितोस. स्वल्पसुद्धा खाडाखोड नाही."

कॉफी प्यायले, माझ्या बायकोची पापणी ओढून पाहिली, आणि गेले. मी दाराशी उभा राहून त्यांना वळणापर्यंत जाताना पाहिलं. हाक मारावीशी वाटली होती. पण काय बोलायचं ते ठरेना, आणि ठरेपर्यंत ते दिसेनासे झाले.

त्यानंतर ते मंडळात आले नाहीत. मी गांधी बाजारातून जायचं टाळू लागलो, दोन गल्ल्या फिरून जाऊ लागलो. एकदाच शेंगांच्या जत्रेत गर्दीत समोरासमोर आलो. त्यांनी सवयीनं माझी पापणी ओढली, म्हणाले बरा आहेस, आणि पिशवीतल्या ओंजळभर शेंगा माझ्या हातात घातल्या. मग ते उगाच तिथं उभे राहिले. गर्दी ढकलत होती, तरी काही क्षण हलले नाहीत. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, येतो अण्णा, घाई आहे. घाई कसलीही नव्हती. त्या पत्रानंतर चार वर्षांनी ते गेले, साध्या तापाचं निमित्त होऊन.

तेराव्याला काकूंनी, अण्णांच्या बायकोनं, मला आत बोलावून एक कापडी पिशवी दिली. "मंडळाचं मंडळाला देऊन टाक म्हणाले होते. पण तुझ्याच हातात दे, असं दोनदा सांगितलं." आत नळ्यांचा लाकडी स्टँड होता, उरलेली कोरी कार्डं होती आणि शिबिरांची वही होती. घरी येऊन मी ती चाळली. त्या वर्षीचं पान निघालं. तीस नावं, प्रत्येकापुढं पेशींची खूण, पाण्याची खूण, शेवटी गट. एकही खाडाखोड नाही. काहीही मिसळलेलं नव्हतं. मी नावांवरून बोट फिरवत खाली आलो. अध्यक्ष, एबी. त्यांच्या सौ., ए. त्याखाली मुलगा, आणि त्याच्यापुढं एक नाही, तीन वेळा केलेल्या खुणा, तिन्ही सारख्या. ओ.

सतरंजीवरच्या पोरांचा तो 'नाही' मला तिथं खुर्चीत बसल्या जागी ऐकू आला. अध्यक्षांना लग्नानंतर कित्येक वर्षं मूल नव्हतं आणि मग ते दोघं वर्षभर म्हैसूरला राहून तान्हं बाळ घेऊन परतले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याचा विचार केला नव्हता. त्या दिवशी माइकवरून एक अक्षर वाचलं असतं तर अख्ख्या हॉलनं तो विचार केला असता, जेवता जेवता, आणि तोही अण्णांनीच शिकवलेल्या रीतीनं. एकट्याचं कार्ड मागं ठेवलं असतं तरी तेच झालं असतं. म्हणून त्यांनी तीसच्या तीस बुडवली, आणि त्यांबरोबर चौतीस वर्षांची ती एकुलती एक फुशारकी.

ती वही मी कपाटात खाली ठेवली. अण्णांचं नाव धुऊन काढावं म्हटलं तर तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडलं तर त्यांनी केलेलं सगळं फुकट जाणार. मंडळात कुणाच्या हातून काही घोटाळा झाला की लोक अजून म्हणायचे, 'नळ्या मिसळल्या वाटतं', आणि हसायचे. तीन वर्षं मी ते हसणं ऐकून घेतलं. दोनदा तर मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते.

यंदाच्या शिबिरात अध्यक्षांचा मुलगा आला. आता पंचविशीचा आहे, एका कंपनीत नोकरी करतो. रक्त देऊन झाल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "काका, त्या वर्षीचं माझं कार्ड राहिलंय."

मी पेन खाली ठेवलं. मग त्यानंच सगळं सांगितलं. तू आमचाच पण पोटचा नव्हेस, हे त्याच्या आईनं त्याला कॉलेजात जाताना सांगून ठेवलं होतं, फक्त तिनं सांगितलंय हे बाबांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी अण्णा माइकपाशी गप्प झाले तेव्हा ते का, हे त्याला तिथंच कळलं, कारण लहानपणी सतरंजीवर बसून ओरडणाऱ्यांत तोही होता. त्याच संध्याकाळी तो त्यांच्याकडे गेला आणि मी कार्यकारिणीला खरं सांगतो म्हणाला. अण्णांनी त्याला कॉफी दिली. आपण या वेळी तुला न विचारताच ठरवलं, एकीकडूनच विचार केला, ही चूक झाली, असंही म्हणाले. पण बोलू दिलं नाही. तुझे बाबा आपणहून सांगतील तोवर गप्प राहा, असं वचन घेतलं. गेल्या महिन्यात, याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा, बाबांनी आपणहून सांगितलं. सांगताना ते फार रडले म्हणाला. नंतर यानं त्यांना अण्णांचंही सांगितलं, तेव्हा ते दुकान उघडायला गेले नाहीत, दिवसभर घरात बसून होते. हे लिहायची परवानगी बापलेकांनीच दिली आहे, नावं घालू नका एवढंच म्हणाले.

मी कपाटातली वही शिबिराच्या दिवशी पिशवीतून बरोबर आणायला लागलो होतो, का कुणास ठाऊक. ती उघडली, जुन्या कोऱ्या कार्डांतलं एक काढलं आणि माझ्या चांगल्या अक्षरात त्याचं नाव आणि ओ पॉझिटिव्ह असं लिहून त्याला दिलं. त्यानं ते खिशात ठेवलं. उठता उठता म्हणाला, "काका, मी तेव्हा त्यांना म्हटलं होतं, सचिवकाकांना तरी सांगू द्या. ते घरचे आहेत."

"मग?"

"नको म्हणाले. तो विचारायला येईल, त्याला मीच शिकवलंय, म्हणाले. आला की मी सांगेन."

मुलगा जेवायला गेला. रक्तपेढीच्या नव्या मुलीनं माझं बोट टोचून यंत्रात थेंब घातला आणि बी पॉझिटिव्ह म्हणून सांगितलं. पाण्यालाही विचारलंत का, असं माझ्या तोंडातून निघून गेलं. तिला काही कळलं नाही, ती गोड हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली. मी कापूस बोटावर दाबून बसून राहिलो. जत्रेत ते गर्दीचे धक्के खात माझ्यासमोर उभे होते, हात शेंगांच्या पिशवीवर, आणि माझ्याकडे बघत होते. मला तेव्हा वाटलं, म्हातारा झालाय, पुढं सरकायचं विसरला.